क्षेत्र-निष्कर्षण, पर्ल आज्ञावलीतील

क्षेत्र-निष्कर्षण : संचिकेतील ठरावीक आकृतिबंधाशी जुळणाऱ्या ओळी निवडून त्यांतील हवे ते घटक, म्हणजे क्षेत्रे, वेगळे काढण्याची क्रिया. पर्ल ही संगणकभाषा लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये मुख्यतः अशा कामासाठी तयार केली. तत्पूर्वी युनिक्स प्रणालीत ओळी निवडण्यासाठी ‘ग्रेप’ आणि क्षेत्रांसाठी ‘ऑक’ (१९७७) ही साधने प्रचलित होती; पर्लने ही दोन्ही कामे एका आज्ञावलीत आणली.

महाराष्ट्रातील तालुक्यांच्या यादीतील एक ओळ ‘२७|५१०|यवतमाळ|पुसद’ अशी आहे, असे मानू. तीत २०११ च्या जनगणनेतील राज्याचा व जिल्ह्याचा संकेतांक, जिल्हा आणि तालुका ही चार क्षेत्रे आहेत. /^२७\|५१०\|यवतमाळ\|(.+)$/ या आकृतिबंधातील पहिले चिन्ह ओळीचा आरंभ व शेवटचे चिन्ह तिचा अंत दर्शविते. कंसात जुळलेला मजकूर पहिल्या क्रमांकाच्या चलात साठविला जातो. नुसत्या उभ्या रेषेचा अर्थ ‘किंवा’ असा होत असल्याने तिच्यापूर्वी तिरपी रेघ द्यावी लागते. ती विसरणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक होय. यादी पूर्ण असल्यास अशा रीतीने यवतमाळ जिल्ह्यातील सोळाही तालुक्यांची नावे हाती येतात.

आकृतिबंध सैल असल्यास मात्र फसगत होते. उदा., नेर तालुका शोधताना केवळ ‘नेर’ एवढेच दिल्यास पारनेर, संगमनेर, जामनेर व अमळनेर यांच्याही ओळी निवडल्या जातात. उलटपक्षी, केळापूर तालुक्याचे मुख्यालय पांढरकवडा येथे असल्याने एखाद्या नोंदीत तालुक्याऐवजी गावाचे नाव पडले, तर ती ओळ मुकाट्याने गळते. शेतकऱ्यांच्या अनुदानाच्या यादीत अशी एक ओळ गळणे म्हणजे एका कुटुंबाची मदत अडणे होय. याहून घातक दोष असा की, जुळणी फसली तरी क्रमांकांकित चले रिकामी होत नाहीत. त्यांत आधीच्या यशस्वी जुळणीचे मूल्य टिकून राहते. जुळणी झाली की नाही हे न तपासता ते वापरल्यास एका खातेदाराची रक्कम पुढच्याच्या नावे लागते. म्हणून न जुळलेल्या ओळी वेगळ्या संचिकेत लिहून त्यांची संख्या पाहणे आवश्यक ठरते.

देवनागरी मजकुरात आणखी एक अडचण येते. ‘यवतमाळ’ या शब्दात युनिकोडची सहा चिन्हे असली, तरी यूटीएफ-८ संकेतनात ती अठरा बाइट व्यापतात. मजकूर व आकृतिबंध दोन्ही युनिकोड असल्याचे पर्लला सांगितले नाही, तर स्तंभाच्या रुंदीनुसार क्षेत्रे काढताना अक्षरे मध्येच तुटतात. देवनागरी अंकांबाबतही सावधगिरी लागते. युनिकोड मजकुरात पर्ल त्यांना अंक म्हणून ओळखते. परंतु गणितात ‘४५’ चे मूल्य शून्य धरते. त्यामुळे बेरजेपूर्वी ते आंतरराष्ट्रीय अंकांत बदलून घ्यावे लागतात.