निर्देशांक वायदे
निर्देशांक वायदे : शेअर बाजाराच्या निर्देशांकाचा भावी तारखेचा भाव आज ठरवून केलेले प्रमाणित करार. अहिल्यानगर जिल्ह्यातील घोडेगावच्या बाजारात कांदा प्रत्यक्ष तोलून दिला-घेतला जातो. निर्देशांक ही केवळ गणिती संख्या असल्याने तिचा ताबा देणे शक्य नसते. म्हणून मुदतीअखेर ठरलेला भाव व अंतिम भाव यांतील फरक रोखीने चुकता करतात.

भावी भावाचे करार आशियाला नवे नाहीत. ओसाका येथील दोजिमा तांदूळ बाजाराला १७३० मध्ये शासकीय मान्यता मिळाली होती. निर्देशांकाचा पहिला वायदा मात्र अमेरिकेत कॅन्सस सिटी येथे १९८२ मध्ये सुरू झाला. आशियात १९८६ मध्ये हाँगकाँगला हँग सेंगचे व सिंगापूरला निक्केईचे वायदे निघाले. खुद्द जपानमध्ये निक्केईचा वायदा त्यानंतर दोन वर्षांनी, ओसाका येथे आला. मुंबईत सेन्सेक्सचा वायदा ९ जून २००० रोजी व निफ्टीचा १२ जून २००० रोजी सुरू झाला. निफ्टीचे सिंगापूरमधील व्यवहार जुलै २०२३ मध्ये गुजरातेतील गिफ्ट सिटीत आणण्यात आले.

अमेरिकेतील लहान गुंतवणूकदाराला परदेशी बाजारातील निर्देशांक वायदा तेथील नियामक आयोगाच्या निकषांत बसत असेल तरच घेता येतो. त्याला जवळचा मार्ग म्हणजे शिकागोच्या बाजारातील निक्केई वायदा. तो येन व डॉलर अशा दोन्ही चलनांत आहे. डॉलरच्या करारात निर्देशांकाचा एक अंक म्हणजे ५ डॉलर. निर्देशांक ४०,००० असता करार २ लाख डॉलरचा होतो. प्रत्यक्षात भरावी लागते ती त्याच्या अल्पांशाएवढी अनामत, आणि खरा धोका येथेच आहे. नफा-तोटा अनामतीवर नव्हे, तर संपूर्ण करारावर मोजला जातो व रोजच्या रोज वसूल होतो. ५ ऑगस्ट २०२४ रोजी निक्केई ४,४५१ अंकांनी, म्हणजे १२ टक्क्यांहून अधिक घसरला. वायदाही तेवढाच उतरला असे धरल्यास एका करारामागे सुमारे २२ हजार डॉलरचा तोटा होतो. टोकिओत सोमवारी सकाळी बाजार उघडला, तेव्हा शिकागोत रविवारची संध्याकाळ होती. अनामत अपुरी पडल्यास दलाल ग्राहकाच्या संमतीविनाही त्याचा करार मोडू शकतो. ज्याच्याजवळ जपानी शेअर आहेत, त्याला वायदा विकून घसरणीपासून संरक्षण मिळते. शेअर नसलेल्याच्या हाती तो निव्वळ सट्टा ठरतो.

भारतातील अनुभव वेगळा नाही. शेअर बाजाराच्या वायदे व विकल्प व्यवहारांत २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत सुमारे ९३ टक्के वैयक्तिक व्यवहारकर्त्यांना तोटा झाला व त्याची एकूण रक्कम १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होती, असे 'सेबी'च्या २०२४ च्या पाहणीत आढळले. त्यानंतर कराराचे किमान मूल्य ५ लाखांवरून १५ लाख रुपये करण्यात आले. त्याच वर्षी शेवगाव तालुक्यात शेअर बाजारातून मोठा परतावा देण्याच्या आमिषाने फसवणूक झाल्याच्या तक्रारी पोलिसांत दाखल झाल्या. नोंदणी नसलेल्या व्यक्तीच्या हाती दिलेल्या अशा पैशाला समाशोधन गृहाची हमी नसते. अधिकृत वायद्यात ती असते, परंतु ती केवळ देणे-घेणे पुरे होण्याची, तोटा न होण्याची नव्हे.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी माणसाला निक्केईचा वायदा घेता येतो. अहिल्यानगरच्या रहिवाशाला मात्र उदारीकृत प्रेषण योजनेखाली परदेशी बाजारात अनामत भरण्यासाठी पैसे पाठविण्यास मनाई आहे.