बिल्टीवर किंमत लिहा

मेळघाटातील वाटपासाठी अमरावती-अकोल्याहून धारणीला ट्रान्सपोर्टने ब्लँकेट पाठवताना बिल्टीवर नुसते ‘दानाचा माल’ लिहू नये. किंमत जाहीर करून जादा जोखमीचा दर भरला नसेल, तर 2007 च्या रस्ते मालवाहतूक कायद्याखाली भरपाई भाड्याच्या दहापटीपर्यंतच मिळते. भाडे 600 असेल तर फार तर 6,000 रुपये. भिजलेली ब्लँकेट मात्र 40,000 ची!

गठ्ठा फाटका वा ओला दिसला, तर पोचपावतीवर तसे लिहूनच सही करावी. ड्रायव्हरला घाई असतेच. फोटोही काढावेत. ट्रान्सपोर्टचा हलगर्जीपणा आपल्याला सिद्ध करावा लागत नाही. पण बुकिंगपासून 180 दिवसांत लेखी नोटीस दिली नाही, तर दावाच करता येत नाही. नुसता फोन पुरत नाही. नोटीस स्पीड पोस्टाने पाठवून पावती बिल्टीला टाचून ठेवावी.