बटण दाबण्याआधीचा तास

भोसरीच्या एमआयडीसीत अर्ध्या उघड्या शटरमधून आत डोकावलं, तर एखाद्या गाळ्यात दोन-तीन व्हीएमसी, म्हणजे उभ्या स्पिंडलची सीएनसी मिलिंग मशीन, हमखास दिसतील. दार बंद, काचेवर आतून उडणारं दुधाळ कूलंट आणि बाहेर पॅनलसमोर उभा असलेला विशी-बाविशीचा मुलगा. बघणाऱ्याला वाटतं, सगळं कॉम्प्युटर करतोय, मुलगा फक्त जॉब ठेवतोय आणि काढतोय. मी या लाइनमध्ये सेटर म्हणून लागलो, आता प्रोग्रॅमिंग आणि सेटिंग दोन्ही बघतो. माझं ठाम मत आहे की जॉब बिघडायचा असेल तर तो बहुतेक वेळा सायकल स्टार्टचं बटण दाबण्याआधीच बिघडलेला असतो.

सीएनसी म्हणजे कटर कुठून कुठे, किती वेगाने जाईल हे आकड्यांत सांगून चालणारं मशीन. हेलिकॉप्टरच्या पात्यांचा आकार अचूक कसा काढायचा, या अडचणीतून अमेरिकेतल्या जॉन पार्सन्स यांना ही दिशा सुचली आणि १९५२ मध्ये एमआयटीने असं मिलिंग मशीन चालवून दाखवलं. तेव्हा आकडे कागदी पट्टीवर छिद्रं पाडून दिले जात. आज मास्टरकॅम, एनएक्स, फ्यूजन अशा कॅम सॉफ्टवेअरमध्ये जॉबचं थ्री-डी मॉडेल उघडायचं, टूल निवडायचं, की कटरचा मार्ग तयार होतो. मग पोस्ट प्रोसेसर त्या मार्गाचं आपल्या कंट्रोलला कळेल अशा कोडमध्ये रूपांतर करतो. स्क्रीनवर सिम्युलेशन चालतं, सगळं हिरवं दिसतं.

पण हे सॉफ्टवेअर तीन गोष्टी गृहीत धरतं. जॉब तुम्ही सांगितलेल्या जागीच आहे, टूल तुम्ही सांगितलं तेवढंच लांब आहे आणि क्लॅम्प तुम्ही दाखवले तिथेच आहेत. क्लॅम्पचं मॉडेल टाकलंच नसेल, तर सिम्युलेशनमध्ये कटर त्या जागेतून खुशाल जातो. प्रत्यक्ष मशीनवर तो क्लॅम्पवर आदळतो. या तिन्ही गोष्टी खऱ्या करायच्या त्या हातानेच.

सुरुवात सफाईपासून. टूल होल्डरचा शंकू, म्हणजे टेपर, स्पिंडलमध्ये बसतो. त्या टेपरवर बारीकशी चिप राहिली तर टूल किंचित तिरकं धरलं जातं आणि फिरताना वळवळतं. चार दातांच्या एन्डमिलवर प्रत्येक दाताने ०.०५ मिलिमीटर माल काढायचा असा हिशेब असतो. टूल वळवळू लागलं की एका दातावर जास्तीचा भार येतो, तो आधी झिजतो आणि मग फिनिश जातं. पोरं फीड कमी करतात, इन्सर्ट बदलतात, सप्लायरला फोन लावतात. आधी स्वच्छ फडक्याने टेपर पुसा, कॉटन वेस्टचे धागे राहतात म्हणून ते नको, आणि डायल लावून टूल हाताने फिरवून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

मग व्हाइस. तो टेबलावर बोल्ट केला की सरळ झाला असं समजू नका. पुपी डायल, म्हणजे बारीक टोकाची लिव्हर डायल, स्पिंडलला लावायची, तिचं टोक स्थिर जॉला टेकवायचं आणि टेबल एक्सच्या दिशेने या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवायचं. काटा हलला तर एक बोल्ट हलका ठेवून व्हाइसला हळूच ठोका द्यायचा आणि परत बघायचं. माझ्या हाताखालच्या मुलांना मी काटा एका घराच्या, म्हणजे ०.०१ मिलिमीटरच्या आत आल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही.

जॉब धरणं हा माझ्या मते या कामाचा गाभा आहे, म्हणून इथे जरा थांबतो. जॉबखाली दोन पॅरलल पट्ट्या ठेवतात, म्हणजे तो समतल बसतो. व्हाइस आवळताना मात्र सरकता जॉ किंचित वर उचलला जातो आणि जॉबची ती बाजू सोबत उठते. डोळ्याला काही दिसत नाही. त्यासाठी जुन्या मिस्त्रींची एक पद्धत मी अजून वापरतो. पट्टी आणि जॉब यांच्यामध्ये पातळ कागदाचा कपटा ठेवायचा, चारही कोपऱ्यांत. व्हाइस आवळायचा, वरून नायलॉनच्या हातोडीने ठोकायचं आणि कपटे ओढून बघायचे. एकही निघून आला तर जॉब तिथे बसलेला नाही. सैल करा, पुसा, पुन्हा धरा. हे न करता मशीनिंग केलं, तर वरची बाजू आरशासारखी निघते आणि खालच्या बाजूला समांतर मात्र नसते.

पातळ जॉबचं दुखणं उलटं. अॅल्युमिनियमचं पातळ हाउसिंग जोरात आवळलं की ते वाकतं. वाकलेल्या अवस्थेत सपाट कापलं जातं आणि व्हाइस सोडला की उसळी मारून मूळ आकाराकडे जातं. मशीनवर असताना मापात, खाली उतरवल्यावर बाहेर. ऑपरेटर हैराण, क्वालिटीवाले त्याच्यावर नाराज. उपाय साधा आहे. रफिंग जोरात धरून करा, मग व्हाइस सैल करून जॉबला मोकळा होऊ द्या, हलक्या हाताने पुन्हा धरा आणि फिनिशचा शेवटचा कट तेव्हा घ्या. सायकल टाइम वाढतो हे खरं, पण रिजेक्शनपेक्षा तो स्वस्त पडतो.

झिरो, म्हणजे प्रोग्रॅम जिथून मापं धरतो तो बिंदू, घेताना ड्रॉइंगमधली मापं ज्या कडेपासून दिली आहेत, तीच कड धरा. प्रोग्रॅमरने जॉबच्या मध्यावर झिरो धरला आणि सेटरने कोपऱ्यावर घेतला, असं घडतं, आणि दोघांचं बोलणं झालेलं नसतं म्हणूनच घडतं. एज फाइंडर १० मिलिमीटरचा असेल तर त्याची निम्मी जाडी, म्हणजे ५ मिलिमीटर, हिशेबात धरून मगच जी५४ मध्ये, म्हणजे कंट्रोलमधल्या झिरोच्या रकान्यात, आकडा भरा.

आता टूलची लांबी. होल्डरमधून टूल जितकं कमी बाहेर तितकं चांगलं, हे सगळे सांगतात. किती चांगलं, ते कमी जण सांगतात. त्याच जोराखाली टूलचं वाकणं लांबीच्या घनाने वाढतं. बाहेर काढलेली लांबी दुप्पट झाली की वाकणं आठपट. खोल पॉकेट नसताना टूल उगाच ६० मिलिमीटर बाहेर ठेवून थरथरीची तक्रार करण्यात अर्थ नाही. वेगाचं गणितही कागदावर करा. ईएन८ स्टीलमध्ये १० मिलिमीटरचा कार्बाइड एन्डमिल मिनिटाला १०० मीटरच्या कटिंग स्पीडने चालवायचा, तर आरपीएम साधारण ३२०० येतो. चार दात आणि दाताला ०.०५ धरलं की फीड मिनिटाला ६४० मिलिमीटर. टूल कंपनीच्या कॅटलॉगमध्ये हे आकडे असतात. मालाचा ग्रेड बघून तिथून सुरुवात करायची आणि पुढे मशीनचा आवाज ऐकायचा.

फानुक कंट्रोलवर हमखास चूक होते अशा दोन जागा मुलांना मी पहिल्या आठवड्यातच दाखवतो. बऱ्याच मशीनवर एक्स१० लिहून पुढचं टिंब विसरलं, तर कंट्रोल ते १० मिलिमीटर न समजता १० मायक्रॉन समजतो. दुसरी जागा ऑफसेटची, म्हणजे टूलची मापं भरायच्या रकान्याची. समजा टूलची लांबी १५२.३४० भरलेली आहे आणि त्यात ०.०२ कमी करायचे आहेत. उणे ०.०२ टाइप करून 'प्लस इनपुट' दाबायला हवं. तिथे नुसतं 'इनपुट' दाबलं की आधीचा आकडा पुसला जातो आणि लांबीच उणे ०.०२ होते. मशीनला वाटतं टूलच नाही, आणि ते दीडशे मिलिमीटर जास्त खाली उतरतं. एका गाळ्यात यापायी स्पिंडल गेलेलं मी पाहिलं आहे. म्हणून झिजेची दुरुस्ती वेअरच्या रकान्यातच करायची आणि आकडा भरल्यावर पूर्ण ओळ मोठ्याने वाचायची.

पहिला पीस सिंगल ब्लॉकवर, म्हणजे प्रोग्रॅमची एकेक ओळ चालवत, आणि रॅपिड, म्हणजे मोकळ्या धावेचा वेग, २५ टक्क्यांवर. टूल जॉबजवळ आलं की मशीन थांबवून स्क्रीनवर अजून किती जायचंय तो आकडा आणि डोळ्याला दिसणारं अंतर ताडून बघायचं. स्क्रीन ८० म्हणतेय आणि टूल बोटभर वर आहे, तर बटणाला हात लावू नका.

मोजतानाही घाई नको. मापाचं प्रमाणित तापमान २० अंश सेल्सिअस आहे. एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये, त्यात नुकताच कापलेला अॅल्युमिनियमचा २०० मिलिमीटरचा जॉब १५ अंशांनी जास्त तापलेला असेल, तर तो जवळपास ०.०७ मिलिमीटर लांब भरतो. ड्रॉइंगवर टॉलरन्स आहे ०.०२. गरम जॉब मोजून ऑफसेट बदलला की थंड झाल्यावर तो जॉब कमी भरतो आणि पुढचे सगळे तसेच निघतात. आधी जॉब थंड होऊ द्या, मग मायक्रोमीटर लावा.

हे सगळं झाल्यावर एक कागद भरा. कुठलं टूल कितव्या नंबरला, किती बाहेर, झिरो कुठे, पट्ट्या किती उंचीच्या, जॉब कुठल्या बाजूने धरला. मोबाइलवर फोटो काढून सोबत ठेवा. तोच जॉब चार महिन्यांनी परत येतो, तेव्हा पहिला सेटर दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो.

शॉपमालकांना माझी विनंती आहे, सेटरच्या पाठीमागे उभं राहून 'मशीन कधी चालू होणार' असं विचारू नका. सेटिंगचा तास कोटेशनमध्ये धरा आणि पहिला पीस पूर्ण मोजून झाल्याशिवाय दुसरा लावू देऊ नका. आणि आयटीआय करून या लाइनमध्ये येणाऱ्या मुलामुलींनी कॅमच्या क्लासची फी भरण्याआधी एखाद्या गाळ्यात सहा महिने एखाद्या चांगल्या सेटरच्या हाताखाली काढावेत. व्हाइसला डायल लावता आली की प्रोग्रॅमिंग शिकायला वेळ लागत नाही.