तगर कुठं होतं? एका छोट्या निबंधाचा मोठा प्रभाव

पीएचडी करणाऱ्याला हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "तुमच्या विषयात कुणाचं काम महत्त्वाचं?" उत्तर म्हणून आपण बहुधा सायटेशनचा आकडा सांगतो. पण एखाद्या अभ्यासकाचा प्रभाव मोजायची दुसरीही एक रीत आहे. त्याच्यानंतर लोक कुठं बघायला लागले, ते पाहायचं. याचं एक नमुनेदार उदाहरण आपल्या सोलापूरहून सरळ रेषेत जेमतेम पाऊणशे किलोमीटरवर आहे. ते म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर.

आधी मूळ ग्रंथाबद्दल. 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' हे इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं ग्रीक पुस्तक. लेखकाचं नाव कुणालाच माहीत नाही. हेरोडोटससारखा हा इतिहासग्रंथ नव्हे. कुठल्या बंदरात काय विकतं आणि काय मिळतं, याची ती व्यापारी टिपणवही आहे. तिची मुख्य हस्तलिखित प्रत दहाव्या शतकातली असून ती जर्मनीत हायडेलबर्गला आहे. त्यात दख्खनबद्दल थोडकीच माहिती येते. बॅरिगाझा, म्हणजे भडोच, इथून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगर नावाचं फार मोठं शहर. पैठणहून गोमेदासारखे दगड येतात, तर तगरहून साधं सुती कापड, तलम कापड आणि 'मोलोखिना' नावाचं कापड. हा शेवटचा शब्द रंगाचा की धाग्याचा, यावर अजून वाद आहे.

पैठण सापडायला अडचण नव्हती, कारण नाव टिकलं होतं. तगरचं काय? १७८८ मध्ये विल्फर्डनं दौलताबाद सुचवलं. पंडित भगवानलाल इंद्रजी यांचा कौल जुन्नरला होता, रा. गो. भांडारकरांनी धारूरकडे बोट दाखवलं. कोल्हापूरचंही नाव घेतलं जाई. शिलाहार राजे ताम्रपटांत स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. म्हणजे शहर खरं होतं, पण पत्ता हरवला होता.

१९०१ मध्ये जॉन फेथफुल फ्लीट यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात मांडलं की तगर म्हणजे तेर. फ्लीट मुंबई इलाख्यातले सनदी अधिकारी होते, पण खरी ओळख शिलालेखांच्या अभ्यासाची. त्यांच्या मताची ताकद आपण स्वतः नकाशा उघडून तपासू शकतो.

पहिली कसोटी अंतराची. भडोच ते पैठण सरळ रेषेत सुमारे ३५० किलोमीटर, भागिले वीस दिवस म्हणजे रोज साडेसतरा. पैठण ते तेर सुमारे १५०, भागिले दहा म्हणजे रोज पंधरा. बैलगाडीचा वेग दोन्हीकडे जवळपास सारखाच निघतो. दिशा दोन्ही ठिकाणी खरं तर आग्नेय आहे, म्हणजे लेखकाची चूकसुद्धा एकाच जातीची. उलट दौलताबाद पैठणच्या उत्तरेला, जुन्नर पश्चिमेला, कोल्हापूर नैर्ऋत्येला. ही तिन्ही इथंच बाद होतात. धारूर दिशेत बसतं, पण शंभर किलोमीटरच्या आसपासच आहे.

दुसरी कसोटी नावाची. 'नगर'चं 'नयर' होऊन 'नेर' झालं, ते आपण संगमनेर, अमळनेर यांत रोज बोलतो. त्याच वाटेनं 'तगर'चं 'तयर' आणि मग 'तेर'. धारूर इथं अडकतं.

आता प्रभाव बघा. हेन्री कझिन्स यांनी तेरची पाहणी केली आणि ती पुरातत्त्व खात्याच्या १९०२-०३ च्या अहवालात आली. तिथलं विटांचं त्रिविक्रम मंदिर मुळात बौद्ध चैत्य असावं, हे त्यांनी दाखवलं. १९५८ मध्ये बा. ना. चापेकरांनी उत्खनन केलं. गोरा कुंभारांचं गाव म्हणून वारकऱ्यांना माहीत असलेलं तेर आता जगाच्या व्यापारी नकाशावर आलं. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंचं तिथलं संग्रहालय बघाच. तिथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहून पाँपेईत सापडलेल्या मूर्तीची आठवण येते. पेरिप्लसच्या १९८९ च्या लायोनेल कॅसन यांच्या आवृत्तीतही तगर म्हणजे तेरच.

पण प्रभावाची दुसरी बाजूही आहे. एकदा 'तगर' ही पाटी लागली की मातीतून निघालेला प्रत्येक दिवा 'रोमन' वाटायला लागतो. मग पोथी वस्तूला आधार देते, वस्तू पोथीला, आणि आपण गोल गोल फिरतो. सोलापुरी चादरीची नाळ थेट पेरिप्लसमधल्या कापडाशी जोडायचा मोह त्यातलाच. मधल्या अठराशे-एकोणीसशे वर्षांचा पुरावा कुठाय?

परदेशी व्यापाऱ्याला तेरमधलं फक्त त्याच्या गिऱ्हाइकाला लागणारं कापड दिसलं. ते विणणारे कोण, खात काय होते, राहत कसे होते, हे त्यानं लिहिलेलं नाही. त्याची उत्तरं तेरच्या पांढरीच्या टेकाडांतच मिळतील. फ्लीटनी आपल्याला टेकाडापर्यंत आणून सोडलं. पुढचे प्रश्न मात्र पोथीतून न घेता मातीतूनच घ्यायला हवेत.