एकसारख्या घरांतले पान: टर्मिनलवरील मजकूर-मांडणीचा मागोवा

छापील पानावर प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी असते, ठळक आणि तिरप्या ठशांना अर्थ असतो, शीर्षक मोठ्या आकारात येते, घातांक अर्ध्या ओळीने वर चढतो. अक्षरी टर्मिनलवर मात्र सगळा मजकूर एकाच मापाच्या घरांत बसवावा लागतो: आडव्या इंचात १० अक्षरे, उभ्या इंचात ६ ओळी, म्हणजे ११ इंची कागदावर ६६ ओळी. एकच मूळ मजकूर या दोन्ही ठिकाणी वाचण्याजोगा उतरावा, या खटपटीला आता साठ वर्षे उलटून गेली आहेत. तिच्यातले बहुतेक संकेत १९७० च्या आसपासच्या यंत्रांच्या बांधणीतून आले आणि ती यंत्रे भंगारात गेल्यावरही टिकून राहिले.

सुरुवात १९६४ साली अमेरिकेतील एमआयटीमध्ये झाली. जेरोम सॉल्टझर यांनी तिथल्या सीटीएसएस या सामायिक संगणक-प्रणालीसाठी ‘रनऑफ’ लिहिले. मजकुराच्या मध्ये टिंबाने सुरू होणारी ओळ आली की ती मजकूर न मानता आज्ञा मानायची, ही त्यातली रीत आजपर्यंत चालू आहे. बेल लॅब्जमध्ये त्याचेच रूप ‘रॉफ’ या नावाने नांदू लागले. डग मॅकिलरॉय यांनी ते बीसीपीएल भाषेत नव्याने लिहिले, आणि तिथून ते युनिक्स या कार्यप्रणालीच्या पहिल्या यंत्रावर, पीडीपी-७ वर, व पुढे पीडीपी-११ वर आले. युनिक्सला पहिले खरे गिऱ्हाईक मिळाले ते या रॉफमुळेच. १९७१ च्या उत्तरार्धात बेल लॅब्जच्या पेटंट विभागातील तीन टंकलेखक २४ किलोबाइट स्मृतीच्या आणि अर्ध्या मेगाबाइट डिस्कच्या यंत्रावर पेटंटचे अर्ज तयार करू लागले. मजकुराची मांडणी हे युनिक्सचे जोडकाम नव्हते. त्या कामाच्या बळावरच प्रणालीला पाठबळ मिळत गेले.

त्या काळातले टर्मिनल म्हणजे कागदावर खटखट टंकणारे यंत्र. टेलिटाइप मॉडेल ३३ सेकंदाला १० अक्षरे टंकायचे आणि त्याला इंग्रजीतली फक्त मोठी अक्षरे येत. मॉडेल ३७ सेकंदाला १५ अक्षरे टंकायचे, पण त्याची खरी थोरवी दुसरीकडे होती. त्याला लहान-मोठी दोन्ही अक्षरे येत, कागद एक ओळ मागे घेता येई आणि अर्धी ओळ वर-खाली सरकवता येई. घातांक अर्धी ओळ वर, तळांक अर्धी ओळ खाली, हे त्यावर खरोखर दिसत असे. बॅकस्पेस देऊन त्याच जागी पुन्हा टंकले की दोन अक्षरे एकावर एक बसत. अक्षर आणि त्याखाली आडवी रेघ म्हणजे अधोरेखन, तेच अक्षर दोनदा म्हणजे ठळक ठसा. यादीतल्या गोळ्यासाठी ‘अधिक’च्या चिन्हावर इंग्रजी ‘ओ’ टंकायचा. उपलब्ध नसलेले चिन्ह असलेल्या दोन चिन्हांतून उभे करण्याची ही युक्ती पुढे सगळ्या टर्मिनल-मांडणीचा पाया झाली.

जो ओसाना यांनी रॉफची जागा घेणारे ‘एनरॉफ’, म्हणजे नवा रॉफ, लिहिले. १९७३ साली बेल लॅब्जमध्ये ग्राफिक सिस्टिम्स कंपनीचा कॅट हा फोटोटाइपसेटर आला. प्रत्येकी १०२ चिन्हांचे चार फाँट आणि इंचाचे ४३२ भाग करणारी अचूकता त्यात होती. ओसानांनी त्यासाठी ‘टीरॉफ’ तयार केले. त्यांनी टाइपसेटरसाठी वेगळी भाषा काढली नाही, हा या इतिहासातला सर्वांत दूरदृष्टीचा निर्णय म्हणावा लागेल. दोन्ही प्रोग्राम एकाच आज्ञा ओळखत. अधोरेखनाची आज्ञा टीरॉफमध्ये तिरपा ठसा निवडायची, एनरॉफमध्ये खालची रेघ ओढायची. अक्षराचा आकार वाढवण्याची आज्ञा एनरॉफ मुकाट्याने सोडून द्यायचे. जिथे दोन्हींचा मेळ बसणारच नाही, तिथे लेखकासाठी अट होती: हा भाग टर्मिनलसाठी, तो टाइपसेटरसाठी. समीकरणे मांडणाऱ्या ‘ईक्यूएन’चा टर्मिनलसाठीचा जोडीदार ‘एनईक्यूएन’ही निघाला. टर्मिनलवर काय गमवायचे आणि काय राखायचे, हे ठरवण्याचा अधिकार अशा रीतीने काही प्रमाणात लेखकाच्या हाती राहिला.

दोन्ही कडा सरळ ठेवण्याचा प्रश्न त्याहून बिकट होता. टाइपसेटर शब्दांमधली फट केसाएवढी वाढवू शकतो. टर्मिनलवर फट वाढते ती पूर्ण एका घराने. प्रत्येक ओळीत ही जादा घरे डावीकडूनच भरत गेले, तर पानाच्या डाव्या बाजूला पांढऱ्या मोकळ्या जागा एकाखाली एक साचतात. म्हणून एका ओळीत डावीकडून, पुढच्या ओळीत उजवीकडून भर घालण्याची पद्धत आली. तरीही अरुंद ओळीत लांब शब्द आले की भगदाडे पडतातच. अशा मजकुराची उजवी कडा मोकळी सोडणे अधिक सुवाच्य ठरते, हे मान्य व्हायला फार वेळ लागला. डेझीव्हील प्रकारची मुद्रणयंत्रे इंचाचा १२० वा भाग ओळखत. त्यांच्यासाठी एनरॉफला फटी सारख्या वाटून देण्याची वेगळी सोय होती, पण ती कागदापुरतीच राहिली.

मग कागद गेला आणि काच आली. १९७८ साली डेक कंपनीचे व्हीटी१०० हे टर्मिनल बाजारात आले: २४ ओळी, प्रत्येकी ८० घरे. काचेच्या पडद्यावर एका जागी दुसरे अक्षर लिहिले की पहिले पुसले जाते, म्हणजे एकावर एक टंकण्याचा पायाच निखळला. तरी एनरॉफचे बॅकस्पेसयुक्त आउटपुट बदलले नाही. त्याचा अर्थ लावण्याचे काम मजकूर पडद्यावर दाखवणाऱ्या प्रोग्रामांवर आले. बर्कलीमध्ये १९७८ साली डॅनिअल हॅलबर्ट यांनी ‘मोअर’ लिहिले. पुढच्या दशकात मार्क न्यूडेलमन यांचे ‘लेस’ आले. अक्षर, बॅकस्पेस, तेच अक्षर असा क्रम दिसला की लेस ते ठळक दाखवते. यंत्राची हालचाल सांगणारा क्रम इथे नुसता संकेत बनला. हा मजकूर फाइलमध्ये साठवायचा, तर ‘कॉल’ हा जुना प्रोग्राम वापरून हे बॅकस्पेस गाळून टाकावे लागत.

६६ ओळींचे पानही असेच मागे उरले. युनिक्सच्या माहितीपुस्तिकेची पाने, म्हणजे ‘मॅन पेजेस’, पडद्यावर वाचताना दर काही ओळींनंतर तळपट्टी, रिकाम्या ओळी आणि पुन्हा शीर्षपट्टी येई. २४ ओळींच्या पडद्याला त्याचा काहीच उपयोग नव्हता. सलग एकच लांब पान ही आजची पद्धत पुढे रुळली. मांडणी करायला संगणकाला वेळ लागे, म्हणून पाने आधीच मांडून साठवून ठेवत. पण खिडकीची रुंदी हवी तशी बदलता येऊ लागल्यावर ठरावीक रुंदीची ही साठवण कालबाह्य झाली.

अधोरेखन, ठळक ठसा, सगळेच वर्ज्य करून नुसत्या मांडणीवर भिस्त ठेवणारी एक परंपराही होती, ती इंटरनेटच्या आरएफसी दस्तऐवजांची. ओळीला ७२ अक्षरे, पानाला ५८ ओळी, एकावर एक टंकण्यास मनाई. अनेक वर्षे ही पाने एनरॉफमधून निघत. अधिकृत रूप एक्सएमएलमध्ये ठेवण्याकडे वळण आले ते २०१९ साली. त्या सगळ्या काळात जगातल्या कुठल्याही यंत्रावर ती पाने जशीच्या तशी वाचता आली, हे त्या कठोर नियमांचे यश आहे.

जेम्स क्लार्क यांचे ‘ग्रॉफ’ १९९० साली आले, तेव्हा रचनेत मोठा बदल झाला. एनरॉफ हा स्वतंत्र प्रोग्राम उरला नाही. मांडणीचे इंजिन एकच, आणि टर्मिनल हे पोस्टस्क्रिप्टसारखेच आणखी एक उपकरण. इंजिनाचे आउटपुट टर्मिनलच्या भाषेत उतरवणाऱ्या भागाचे नाव ‘ग्रॉटी’. २००२ च्या १.१८ आवृत्तीपासून ग्रॉटीने एकावर एक टंकणे सोडले आणि ठळक, अधोरेखित, रंगीत मजकुरासाठी ईसीएमए-४८ मानकातल्या एस्केप-मालिका पाठवायला सुरुवात केली. व्हीटी१०० ला पंचवीस वर्षे होत आली असताना झालेला हा बदल तर्काला धरूनच होता. पण लेसला विशेष सूचना न दिल्यास या मालिका पडद्यावर कचऱ्यासारख्या उमटत. शेवटी एक पर्यावरण-चल ठेवून जुनी पद्धत परत मिळवण्याची सोय करावी लागली, आणि बॅकस्पेसचा संकेत मेला नाही.

यूटीएफ-८ आल्यावर उलट अडचण उभी राहिली. आता टर्मिनलला चिन्हांची वाण नव्हती. टाइपसेटिंगच्या जुन्या नियमाप्रमाणे मूळ मजकुरातली साधी आडवी रेघ म्हणजे संयोगचिन्ह, आणि तिच्याआधी उलटी तिरपी रेघ दिली तरच ते उणे चिन्ह. अॅस्कीमध्ये दोन्हींसाठी एकच चिन्ह असल्याने चुकीचे लिहूनही निभावून जाई. ग्रॉफ युनिकोडमधले खरे संयोगचिन्ह देऊ लागल्यावर पुस्तिकेतून उचललेली आज्ञा टर्मिनलवर चिकटवली की चालेना, आणि रेघेने सुरू होणाऱ्या एखाद्या पर्यायाचा पानात शोध घेतला की सापडेना. डेबियनसारख्या लिनक्स वितरणांनी साधी रेघ पुन्हा अॅस्कीच्या चिन्हाला जोडली. टंकशास्त्राच्या दृष्टीने ग्रॉफ बरोबर होते यात शंका नाही. पण टर्मिनलवरचे पान वाचले जाते तसेच तिथून उचललेही जाते, आणि छापील पानाला ही दुसरी जबाबदारी कधीच नव्हती. म्हणून डेबियनचा निर्णय योग्य वाटतो.

क्रिस्टॅप्स झोन्सन्स यांनी २००८ साली सुरू केलेल्या ‘मॅनडॉक’ने टाइपसेटिंगचे इंजिनच बाजूला ठेवले. पुस्तिकेची पाने एवढेच त्याचे क्षेत्र, आणि ओपनबीएसडी या युनिक्स-वंशातल्या प्रणालीने ते स्वीकारून आपल्या मूळ प्रणालीतून ग्रॉफ काढले. ग्रॉफच्या २०२३ मधील १.२३ आवृत्तीने टर्मिनलवरच्या पानात टिचकी मारून उघडता येणारे दुवे आणले.

देवनागरीसाठी मात्र घरांचा हिशेब अजून जुळलेला नाही. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान १९८० च्या दशकाच्या अखेरीस भारतीय लिप्या पडद्यावर दाखवत होते. तिथे अक्षरजोडणीचा भार कार्ड किंवा टर्मिनल स्वतः उचलत असे. आजच्या युनिकोड टर्मिनलमध्ये तो भार वाटला गेला आहे. मांडणी करणारा प्रोग्राम आधी घरे मोजतो, टर्मिनल नंतर अक्षरे काढते, आणि दोघांचे एकमत असेलच असे नाही. मार्कुस कून यांच्या प्रचलित रुंदी-कोष्टकात उकार आणि हलन्त यांना शून्य घर, पण पहिल्या वेलांटीला आणि कान्याला एक घर आहे. म्हणून ‘क्ष’ दोन घरांचा आणि ‘क्षि’ तीन घरांचा मोजला जातो, मग फाँटने तो कितीही जागेत काढो. काही टर्मिनले जोडाक्षर जोडतच नाहीत, काही जोडून उरलेले घर रिकामे ठेवतात. २००९ मध्ये ग्रॉफला यूटीएफ-८ मजकूर आत घेण्याची सोय मिळाली, त्यामुळे मराठी पान त्यातून निघते. त्याची उजवी कडा सरळ येईल की नाही, हे अजून त्या त्या टर्मिनलवर अवलंबून आहे.