पारख घोटाची, कस दाण्याचा

पिण्याची शिफारस नव्हे, पण इंग्लंडातल्या ‘बिटर’ बिअरची पारख समजून घेण्याजोगी आहे. ती जवापासून, म्हणजे सातूपासून होते. कडवटपणा हॉप्सच्या फुलांचा. केंट भागातले गोल्डिंग्ज हॉप्स नावाजलेले. पिंपात मुरलेली बिअर तळघरात ११ ते १३ अंश सेल्सिअसला ठेवतात. बर्फगार केली तर वास-चव दबते. पारखी आधी रंग पाहतो, मग वास घेतो, मग घोट. गोडी आणि कडूपणा तोलात हवा. आंबली की नापास.

पण खरी परीक्षा तिथल्या शेतातच होते. जवाला मोड आणून माल्ट करतात. त्यासाठी दाणा सारखा उगवणारा आणि बेताच्या प्रथिनांचा लागतो. नत्र जादा पडले की प्रथिने वाढतात, माल्टवाला माल नाकारतो, आणि तोच जव गुरांच्या खाद्याच्या भावाने जातो. म्हणून तिथला शेतकरी नत्र मोजूनच टाकतो.