हशा, टाळ्या आणि हिशेब

मंडळी, इथे अमेरिकेत आपल्याकडे एकसष्टी असो की डोहाळजेवण, एखादी तरी चेष्टेची भेट असतेच. समजा, काकांना कुणी काचेची बाटली दिली. वर लेबल : ‘साठीशामक वटी. रोज एक, सूनबाईंच्या देखरेखीखाली.’ आत चॉकलेटच्या रंगीत गोळ्या. हशा पिकतो आणि चौघे म्हणतात, ‘वहिनी, हे विकायला काढा!’ वहिनींना त्या रात्री झोप येत नाही. तेव्हा त्या जागरणाचा हिशेब आताच मांडू.

अशा धंद्याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ‘पेट रॉक’. १९७५ साली कॅलिफोर्नियातील लॉस गॅटोसच्या गॅरी डाल या जाहिरात-लेखकाला मित्रांच्या गप्पांत ही कल्पना सुचली : कुत्रा-मांजर नको, दगड पाळावा! हवेसाठी भोके असलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात गुळगुळीत दगड आणि त्याच्या संगोपनाची पुस्तिका, किंमत सुमारे ४ डॉलर. काही महिन्यांत दहा लाखांहून अधिक दगड खपले. दगड रस्त्यातही मिळतो. लोकांनी पैसे मोजले ते खोक्याचे आणि पुस्तिकेतल्या विनोदाचे. पण नाताळ उलटताच मागणी ओसरली, कारण तोच विनोद माणूस पुन्हा विकत घेत नाही.

घरचा हशा काकांच्या ओळखीमुळे पिकतो. म्हणून आधी पंचवीसच बाटल्या कराव्यात आणि अनोळखी गिऱ्हाइकाला पुऱ्या किमतीत विकून पाहाव्यात.

आता हिशेब. समजा, किंमत १५ डॉलर. बाटली, छपाई व आतला माल ३, खोके १, टपाल ५ आणि विक्रीच्या जागेचे शुल्क २. उरले ४ डॉलर. एक बाटली भरून पाठवायला वीस मिनिटे लागली, तर ताशी १२ डॉलर पडतात. अनेक राज्यांतले किमान वेतन याहून जास्त आहे! नफा वाढवायचा तर टपालखर्च वाचवावा, म्हणजे संमेलनात स्टॉल घ्यावा, किंवा एकाच छपाईवर साठी, निवृत्ती, बारसे अशी मालिका काढावी.

मात्र पहिली बाटली विकण्याआधी व्हिसा पाहावा. एच-वन-बी असणाऱ्याला मंजूर अर्जातल्या मालकाकडेच काम करता येते. रात्री घरी बसून बाटल्या भरून विकणे हेही कामच. एच-फोरवर आपोआप परवाना मिळत नाही. जोडीदाराचा आय-१४० मंजूर असल्यास २०१५ च्या नियमानुसार कामाचा परवाना मागता येतो, आणि तो हाती आल्यावरच विक्री करावी. चार डॉलरच्या नफ्यापायी ग्रीन कार्डाची वर्षानुवर्षांची वाट धोक्यात घालू नये. शंका असल्यास वकिलाची फी द्यावी; ती स्वस्त पडते.

कर चुकत नाही. धंद्याचा जमाखर्च ‘शेड्यूल सी’वर दाखवावा लागतो. वर्षाचा निव्वळ नफा ४०० डॉलर किंवा अधिक झाला, की प्राप्तिकराशिवाय स्वयंरोजगार कर लागतो. त्याचा दर १५.३ टक्के. बहुतेक राज्यांत विक्रीकरही गोळा करून भरावा लागतो. दुसऱ्या राज्यातल्या संमेलनात स्टॉल लावायचा असेल, तर तिथल्या तात्पुरत्या परवान्याची चौकशी आधी करावी.

मालाचेही नियम आहेत. घरी केलेला खाऊ विकण्याचे कायदे राज्याराज्यांत निराळे. शिवाय औषधासारखी दिसणारी गोळी लहान मुलाच्या हाती लागली, तर चेष्टेची कुस्करी होते. तेव्हा बाटलीत गोळ्यांऐवजी विनोदी चिठ्ठ्या घालाव्यात. खाद्यपदार्थांचे नियम टळतात आणि माल नासतही नाही.

चिठ्ठ्यांवरचे विनोद मात्र स्वतःचे हवेत. पु.लं.ची वाक्ये किंवा कार्टूनमधली पात्रे परवानगीवाचून छापणे महागात पडेल. आपली नुसती कल्पना कायद्याने राखता येत नाही. मजकूर व चित्रे यांवर कॉपीराइट असतो आणि नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येते.

एवढे करूनही पंचवीस बाटल्या पडून राहिल्या, तर नुकसान शंभर डॉलरच्या आसपास. येत्या वर्षाच्या एकसष्ट्यांची सोय झाली म्हणावे. पण त्या अनोळखी हातांत भराभर गेल्या, तर वहिनी, पुढची शंभर अवश्य छापा!